वाचला, म्हणजे काय?

मराठीतले ‘वाचणे’ हे क्रियापद दोन अर्थांनी चालते. माणूस पुस्तक वाचतो, आणि माणूस मरणाच्या दारातूनही वाचतो. श्लेष शिकवताना हे उदाहरण आम्ही अनेक वर्षे फळ्यावर लिहीत आलो. ‘तो वाचला’ आणि ‘त्याने वाचले’ यांतील प्रयोगाचा फरक दाखवायचा, विद्यार्थ्यांनी तो वहीत उतरवून घ्यायचा, तास संपायचा. या दोन अर्थांचा एकमेकांशी काही संबंध असेल, असे आमच्या मनात कधी आले नव्हते. तो २०१६ च्या पावसाळ्यानंतर हळूहळू ध्यानात आला. त्याविषयी लिहायचे बरीच वर्षे मनात होते. लिहिणे का लांबत गेले, तेही पुढे येईलच.

आम्ही म्हणजे आम्ही दोघे, नवरा-बायको. वाईला राहतो, महाविद्यालयात मराठी शिकवतो. या लेखात कुठल्या वाक्यामागे कोण आहे हे वेगळे करून सांगितलेले नाही, कारण त्या दिवसांत आमचे आम्हालाही ते नीट वेगळे करता येत नव्हते. अण्णा एकाचे वडील आणि दुसरीचे सासरे. माध्यमिक शाळेत त्यांनी तीस वर्षे गणित शिकवले. २०१६ च्या जुलैत ते एकाहत्तर वर्षांचे होते. आठ दिवसांचा ताप, खोकला, आणि मग एका रात्री ओठ निळे पडू लागले. खंबाटकीच्या बोगद्यातून रुग्णवाहिका गेली तेव्हा बाहेर पाऊस कोसळत होता आणि आत प्राणवायूच्या नळकांड्याचा काटा खाली येत होता, एवढेच त्या प्रवासातले स्पष्ट आठवते. पुण्यातल्या एका रुग्णालयात त्यांना दाखल केले. दोन्ही फुप्फुसांना न्यूमोनिया झाला होता, आणि त्याचे पर्यवसान डॉक्टर ज्याला ‘एआरडीएस’ म्हणतात त्या अवस्थेत झाले होते. फुप्फुसे पाण्याने भिजलेल्या स्पंजासारखी जड होतात, प्राणवायू रक्तात उतरत नाही. अण्णा अकरा दिवस अतिदक्षता विभागात होते, त्यांपैकी नऊ दिवस व्हेंटिलेटरवर.

आणि ते वाचले. बाराव्या दिवशी साध्या खोलीत आले, विसाव्या दिवशी घरी. शेजारीपाजारी पेढे घेऊन आले, ढोल्या गणपतीला अभिषेक झाला. जो येई तो म्हणे, “वाचले हो!” आम्हीही म्हणत होतो. कहाणी सुफळ संपूर्ण झाली होती.

पण अण्णा त्या कहाणीत बसेनात. पहाटे उठून कृष्णेच्या घाटापर्यंत जाऊन येणारा माणूस अंगणातल्या तुळशीपर्यंत जाऊन धापा टाकू लागला. फुप्फुसाचा फोटो चांगला आला होता, तरी पायांत जोर नव्हता. हे आम्ही समजू शकत होतो. म्हातारपण आहे, अशक्तपणा आहे. समजेना ते दुसरेच. महिनाअखेरीस दुधाचा हिशेब करायला ते बसले आणि एकतीस दिवसांचा गुणाकार त्यांना जमेना. पाढे पाठ होते, पण हातचा धरला की तो हातून सुटून जाई. तीस वर्षे दहावीच्या वर्गाला बीजगणित शिकवलेला माणूस दुधाच्या वहीपुढे डोके धरून बसला, आणि मग ती वही त्याने कपाटामागे लपवून ठेवली.

याहून अवघड होती ती त्यांची गोष्ट. अण्णा म्हणत, आपण रुग्णालयात नव्हतोच. आपण आगगाडीत होतो. गाडी कुठल्याशा आडस्थानकावर बाजूच्या रुळावर उभी करून ठेवली होती. दिवे जात नव्हते, रात्र होत नव्हती. हिरव्या कपड्यांतले तपासनीस फिरत होते. आपल्याजवळ तिकीट नव्हते, म्हणून त्यांनी आपले हात बर्थला बांधले. “आणि तुम्ही दोघं फलाटावर उभे होता. त्यांच्याशी हसून बोलत होता. तिकीट तुमच्यापाशी होतं. दिलं नाहीत.”

पहिल्यांदा आम्ही हसण्यावारी नेले. दहाव्यांदा समजावून सांगितले. विसाव्यांदा, एका रात्री दोन वाजता अण्णा पिशवी भरून दाराशी उभे राहिले तेव्हा, आमचा तोल गेला. घर गहाण टाकायची वेळ आली होती, रजा संपल्या होत्या, झोप नव्हती. आमच्यापैकी एकाच्या तोंडून निघून गेले, “अण्णा, आम्ही तुम्हाला वाचवलं, आणि तुम्ही आमच्यावरच आळ घेता?”

अण्णा खुर्चीत बसले. रागावले नाहीत. वर्गात एखाद्या मुलाला फळ्यापाशी बोलावावे तशा आवाजात म्हणाले, “वाचवलंत म्हणजे काय केलंत, ते सांगा.”

आम्हाला उत्तर देता आले नाही.

त्यानंतर काही दिवसांनी आमची एक जुनी विद्यार्थिनी भेटायला आली. मराठी घेऊन बी. ए. करता करता मध्येच तिने परिचारिकेचे शिक्षण घेतले होते, आणि तेव्हा ती मुंबईच्या एका मोठ्या अतिदक्षता विभागात काम करत होती. आगगाडीची गोष्ट तिने शेवटपर्यंत ऐकून घेतली आणि अण्णांना एवढेच विचारले, “गाडी थांबली होती की चालत होती?” अण्णांनी सविस्तर सांगितले. निघताना ती दाराशी म्हणाली, “सर, मॅडम, याला नाव आहे. डेलिरियम म्हणतात. आमच्याकडे तर रोज कोणी ना कोणी अशा गाडीत असतं. तुम्ही वाचा याच्यावर, खूप लिहिलं गेलंय.”

आमच्या आजीच्या पिढीत याला ‘वात झाला’ म्हणत, आणि वैद्य ‘सन्निपात’ म्हणत. शब्द आपल्याकडे होता, आम्ही तो विसरलो होतो. मग आम्ही वाचू लागलो. वैद्यकाचा गंध नसलेल्या दोन भाषाशिक्षकांनी संशोधनपर लेख वाचणे हास्यास्पद वाटेल. पण अनेक लेख खुले होते, शब्दकोश होता, आणि संहिता संथपणे वाचण्याची सवय तरी आमच्या व्यवसायाने लावलेली होती.

अतिदक्षता विभागाचा जन्म कोपनहेगनमधला. १९५२ च्या उन्हाळ्यात तेथे पोलिओची भयंकर साथ आली. श्वसनाचे स्नायू लुळे पडलेली माणसे, मुख्यतः मुले, ब्लेगडॅम रुग्णालयात दाखल होऊ लागली. सुरुवातीच्या आठवड्यांत श्वसनयंत्रावर ठेवलेल्या ३१ जणांपैकी २७ दगावले. तेव्हा ब्यॉर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाने सुचवले की, गळ्याला छिद्र पाडून नळी घालावी आणि शस्त्रक्रियेच्या वेळी करतात तसा रबरी पिशवी दाबून हाताने श्वास द्यावा. २७ ऑगस्टला विवी एबर्ट या बारा वर्षांच्या मुलीवर हा प्रयोग झाला आणि ती जगली. यंत्रे पुरेशी नव्हती, म्हणून वैद्यकाच्या सुमारे १५०० विद्यार्थ्यांनी पाळ्या लावून, खाटेशेजारी बसून, महिनोन्महिने पिशव्या दाबल्या. अशा रोग्यांतले मृत्यूचे प्रमाण पुढे २५ टक्क्यांच्या आसपास उतरले. पुढच्याच वर्षी इब्सेन यांनी अशा रोग्यांसाठी स्वतंत्र विभाग उभारला.

या हकिगतीने डोळ्यांत पाणी येते, आणि यावेही. पण विवीची गोष्ट त्या रात्री संपली नाही. ती १९७१ पर्यंत जगली. हातपाय लुळे, आणि श्वासाला यंत्राची सोबत. त्या वर्षांविषयी बहुतेक इतिहास एखाद्याच वाक्यात बोलतात. आम्हा साहित्याच्या माणसांना ही सवय ओळखीची वाटली. कथा कुठे संपवायची हे सांगणारा ठरवतो.

अतिदक्षता विभागाच्या संशोधनातही दीर्घकाळ असेच होते. नवा उपचार चांगला की वाईट हे ठरवायची कसोटी बहुधा एकच असे: रुग्णालय सोडताना, किंवा २८ वा ९० दिवसांनी, रोगी जिवंत आहे की नाही. ही कसोटी क्षुद्र मानू नये. तिनेच मोठमोठ्या समजुती खाली खेचल्या. अण्णांना झालेल्या एआरडीएसचेच पाहा. रक्तातला प्राणवायू वाढावा म्हणून व्हेंटिलेटरने मोठमोठे श्वास देण्याचा प्रघात होता. २००० साली अमेरिकेतील ८६१ रोग्यांवरील अभ्यास प्रसिद्ध झाला. अपेक्षित वजनाच्या दर किलोमागे १२ मिलिलिटर श्वास दिलेल्यांपैकी ३९.८ टक्के दगावले. ६ मिलिलिटर दिलेल्यांपैकी ३१ टक्के. म्हणजे श्वास देणारे यंत्रच फुप्फुसांना इजा करत होते, आणि रोग्याच्या उशाशी उभ्या असलेल्या कोणाही निष्णात डॉक्टरला ते नुसत्या डोळ्यांनी दिसणे शक्य नव्हते. मोजल्यावरच दिसले.

रक्तातल्या साखरेची गोष्ट तर एखाद्या वादविवादासारखी आहे. २००१ मध्ये बेल्जियममधील लुव्हेन येथील अभ्यासाने दाखवले की, इन्शुलिन देऊन साखर काटेकोरपणे खाली ठेवली तर शस्त्रक्रियेनंतरच्या अत्यवस्थ रोग्यांतले मृत्यू कमी होतात. ही पद्धत जगभर उचलली गेली. २००९ मध्ये ६१०४ रोग्यांवरील ‘नाइस-शुगर’ हा अभ्यास आला. त्यात काटेकोर नियंत्रणाच्या गटात ९० दिवसांत २७.५ टक्के मृत्यू होते, सैल नियंत्रणाच्या गटात २४.९ टक्के. आपले आधीचे अनुमान सर्वांना लागू नाही, हे इतक्या स्पष्टपणे छापून मान्य करणारी समीक्षा आमच्या क्षेत्रात आम्ही फारशी पाहिलेली नाही. असो.

तेव्हा ‘जिवंत की मृत’ ही कसोटी आवश्यकच होती. पण ती अपुरी होती, हे कळायला कोणीतरी दारापलीकडे जावे लागले. टोरांटोच्या मार्गारेट हेरिज यांनी एआरडीएसमधून वाचलेल्या १०९ जणांचा वर्षभर पाठपुरावा करून २००३ साली आपले निष्कर्ष मांडले. त्यांतील निम्मे लोक पंचेचाळिशीच्या आतले होते. सहा महिन्यांत त्यांची फुप्फुसे जवळजवळ पूर्ववत झाली होती. तरीही वर्षाअखेरीस त्यांची चाल समवयस्कांच्या मानाने बरीच मागे होती, स्नायू झडले होते, आणि निम्म्याहून किंचित कमी लोकच कामावर परतले होते. हे वाचताना आम्हाला अंगणातली तुळस आठवली. फोटो चांगला, तरी पायांत जोर नाही! आम्ही ज्याला म्हातारपण म्हणत होतो, ते तरुणांनाही झाले होते.

हिशेबाचे कोडे २०१३ च्या अभ्यासाने उलगडले. अमेरिकेतील व्हँडरबिल्ट विद्यापीठाच्या संशोधकांनी ८२१ अत्यवस्थ रोगी तपासले. त्यांपैकी ७४ टक्के लोकांना रुग्णालयात डेलिरियम झाला होता. वर्षानंतर तपासलेल्यांपैकी ३४ टक्के जणांची बुद्धीची कामगिरी डोक्याला मध्यम इजा झालेल्या माणसांइतकी, आणि २४ टक्के जणांची सौम्य अल्झायमर झालेल्यांइतकी उतरली होती. डेलिरियम जितके दिवस लांबला, तितकी ही घसरण अधिक. अण्णांचा सुटणारा हातचा त्या टक्क्यांमध्ये कुठेतरी होता. या सगळ्याला, म्हणजे शरीराच्या, बुद्धीच्या आणि मनाच्या मागे राहिलेल्या दुखण्याला, संशोधकांनी २०१० च्या एका बैठकीत ‘पोस्ट-इंटेन्सिव्ह केअर सिंड्रोम’ असे नाव दिले. मराठीत ‘अतिदक्षतेनंतरचा लक्षणसमूह’ म्हणता येईल. नाव मिळाल्याने दुखणे कमी झाले नाही. पण ‘मुद्दाम करतात’, ‘हट्टी झालेत’ ही आम्ही दिलेली नावे तरी गळून पडली.

आणि आगगाडी? तिचाही अभ्यास झालेला आहे. इंग्लंडच्या क्रिस्टिना जोन्स यांनी २००१ मध्ये दाखवले की, अतिदक्षता विभागातली खरी घडलेली आठवण, ती वेदनेची असली तरी, माणसाला पुढे तितकी छळत नाही. छळतात त्या भ्रमातल्या आठवणी, आणि विशेषतः खरी आठवण एकही नसताना राहिलेल्या. गुंगीच्या औषधांनी काळ पुसला जातो. पण मन रिकामी जागा ठेवत नाही. हाताशी असलेल्या तुकड्यांतून ते कथानक रचते. न मावळणारे दिवे, हिरवे कपडे, टकटक करणारी यंत्रे, बांधलेले हात. या सामग्रीतून अण्णांनी रचलेली गोष्ट किती सुसंगत होती! त्यांना वेड लागले नव्हते. त्यांना पुरावा अपुरा मिळाला होता.

हा भ्रम टाळता येतो का? पूर्णपणे नाही, पण बराच उणावता येतो. २००० साली शिकागोच्या संशोधकांनी १२८ रोग्यांवर साधी गोष्ट करून पाहिली: गुंगीचे औषध रोज एकदा थांबवून रोग्याला जागे होऊ द्यायचे. व्हेंटिलेटरचे दिवस ७.३ वरून ४.९ वर आले. भ्रम ओळखायचीही युक्ती २००१ पासून वापरात आहे. तोंडात नळी असलेला रोगी बोलू शकत नाही, म्हणून परिचारिका दहा अक्षरे एकामागून एक उच्चारते आणि ठरावीक अक्षर आले की रोग्याने तिचा हात दाबायचा. मग होय-नाहीचे प्रश्न. त्यांतला एक असा आहे: दगड पाण्यावर तरंगतो का? नलाच्या हातून सेतू बांधून घेणाऱ्या आणि इंद्रायणीतून गाथा वर काढणाऱ्या आमच्या समाजात या प्रश्नाला गणिताचा शिक्षकही क्षणभर अडखळेल, असे वाटून आम्ही अनेक दिवसांनी हसलो. पण ते हसू फार टिकले नाही. या संशोधनात वारंवार सांगितलेल्या गोष्टी किती लहान आहेत पाहा: रोग्याला घड्याळ दिसू द्या, रात्री दिवे मंद करा, त्याच्याशी बोला, शक्य तितक्या लवकर बसवा-उभे करा, त्याचा चष्मा आणि श्रवणयंत्र त्याला द्या. अण्णांचा चष्मा अकरा दिवस आमच्या पिशवीत होता.

आप्तांच्या सहवासाविषयीही पुढे पुरावा आला, आणि तो अशा काळात आला की त्याचा उपयोग करणेच दुरापास्त व्हावे. कोरोनाच्या साथीत चौदा देशांतील २०८८ रोग्यांचा अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रत्यक्ष असो वा पडद्यावर, घरच्यांची भेट ज्यांना झाली त्यांच्यात डेलिरियमचा धोका कमी दिसला. मिडॅझोलॅमच्या जातीची गुंगीची औषधे ज्यांना दिली गेली त्यांच्यात अधिक. त्या दोन वर्षांत महाराष्ट्रातल्या किती घरांतून माणसे एकेकटी आत गेली, आणि बाहेर येऊन ‘वाचले हो’ ऐकत आपापल्या आगगाडीत बसून राहिली असतील! त्यांतली काही या लेखाच्या वाचकांच्याही घरी असतील. त्यांच्यासाठीच हे मुख्यतः लिहितो आहोत.

आता उरलेली गोष्ट. युरोपातल्या काही रुग्णालयांत परिचारिका आणि नातेवाईक बेशुद्ध रोग्यासाठी रोजनिशी लिहितात: आज तुम्हाला ताप होता, आज तुमची मुलगी आली होती, बाहेर पाऊस आहे. बरा झाल्यावर रोग्याने ती वाचायची. सहा देशांतील ३५२ रोग्यांच्या अभ्यासात, २०१० साली, अशी रोजनिशी मिळालेल्यांपैकी ५ टक्के लोकांना आघातोत्तर मनोविकार जडला, न मिळालेल्यांपैकी सुमारे १३ टक्क्यांना. हे वाचले आणि आम्ही एकमेकांकडे पाहिले. वाचलेल्या माणसाला वाचायला काहीतरी हवे असते! फळ्यावरचा श्लेष दहा-बारा वर्षांनी आम्हाला कळला.

२०१७ च्या उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही दोनशे पानी वही आणली आणि अकरा दिवसांची रोजनिशी मागाहून लिहिली. बिलांची फाइल होती, मोबाइलमध्ये नातेवाइकांना पाठवलेले निरोप होते, औषधांच्या चिठ्ठ्या होत्या. कुठल्या दिवशी कोण आले, डॉक्टर काय म्हणाले, खाटेच्या कुठल्या बाजूला खिडकी होती, सारे लिहिले. भाषा सोपी ठेवली, विशेषणे गाळली. लिहिताना एक गोष्ट जाणवली: आम्हालाही अनेक दिवस आठवत नव्हते. अत्यवस्थ रोग्यांच्या नातेवाइकांपैकी सुमारे एकतृतीयांश लोकांत तीन महिन्यांनी आघाताची लक्षणे दिसतात, असे एका फ्रेंच अभ्यासाने २००५ मध्येच दाखवले होते. आम्हीही कुठल्याशा गाडीत होतो. मात्र आमचे हात मोकळे होते.

अण्णांनी वही तीन संध्याकाळी वाचली. चौथ्या दिवशी त्यांनी लाल पेन मागितले. बिलांची बेरीज पाचव्या दिवसापाशी चुकली होती. आम्ही सातशे रुपये कमी धरले होते. ती बेरीज त्यांनी तीनदा केली, सबंध दुपार त्यात गेली, पण चूक त्यांनीच काढली. आम्ही आनंदलो. मग पुढचे पान उलटले. तिसऱ्या दिवसाच्या समासात लाल अक्षरांत लिहिले होते: ‘हात बांधल्याचा उल्लेख नाही.’

खरेच नव्हता. आणि या लेखातही आतापर्यंत आम्ही तो अण्णांच्या गोष्टीतला भ्रम म्हणूनच येऊ दिला आहे. तिसऱ्या रात्री अण्णांनी श्वासनळीतली नळी ओढायचा प्रयत्न केला होता. दोन्ही हात पट्ट्यांनी खाटेच्या कठड्याला बांधावे लागतील, असे सांगून आमच्यापुढे एक छापील कागद ठेवण्यात आला. त्यावर सही आमची आहे. एकाची नातेवाईक म्हणून, दुसरीची साक्षीदार म्हणून. सही करून परत देताना आम्ही त्या तरुण डॉक्टरकडे पाहून ओशाळवाणे हसलो होतो. फलाट, तपासनीस, हसणे, कागद: अण्णांच्या गोष्टीतले एवढे सारे खरे होते. वर्षभर आम्ही त्यांना सांगत होतो की तुमचा भ्रम आहे.

त्या रात्री आम्ही वहीत ते पान वाढवले आणि अण्णांना दिले. त्यांनी चष्मा लावून सावकाश वाचले. मग विचारले, “सही करण्यापूर्वी वाचलं होतंत का?”

“नाही, अण्णा.”

“हं.” ते म्हणाले, आणि वही मिटून उशाशी ठेवली.

यापुढे ‘आणि अण्णा बरे झाले’ असे लिहिण्याचा मोह होतो. पण तसे लिहिण्याइतका पुरावा आमच्यापाशी नाही. तिकिटाची चौकशी हळूहळू थांबली. रात्रीची पिशवी भरणे थांबले. दुधाचा हिशेब ते पुन्हा करू लागले, पण कागदावर, आणि दोनदा तपासून. वहीमुळे झाले, की काळामुळे, की आम्ही वाद घालणे सोडले म्हणून? २०१९ मध्ये फ्रान्समधील ३५ अतिदक्षता विभागांतला ६५७ रोग्यांचा अभ्यास आला. रोजनिशी ठेवलेल्यांत आघाताची लक्षणे २९.९ टक्के, न ठेवलेल्यांत ३४.३ टक्के, फरक योगायोगाचाही असू शकेल इतका थोडा. आधीच्या अभ्यासावर भाळलेल्या आम्हाला हे वाचून प्रथम वाईट वाटले. नंतर वाटले, ठीक आहे. साखरेच्या बाबतीत जो न्याय, तोच आमच्या वहीलाही. रोजनिशी हे औषध नसेलही. पण ज्याच्या देहावर अकरा दिवस इतके काही घडले, त्याला ते काय होते हे सांगण्यासाठी टक्केवारीची वाट पाहण्याचे कारण नाही. ते त्याचे आहे.

अण्णा आता ऐंशीच्या घरात आहेत. वही त्यांच्या कपाटात, दुधाच्या वहीशेजारी असते. हा लेख त्यांना आधी वाचायला दिला होता. आकडे त्यांनी एकेक करून पाहिले, एका ठिकाणी दशांशचिन्ह राहिले होते ते घातले, आणि ‘गाडीत दिवे जात नव्हते हे लिहिलंत ते बरं केलंत’ एवढेच म्हणाले. यंदा श्लेषाच्या तासाला फळ्यावर ते जुने उदाहरण लिहिले तेव्हा एका मुलीने हात वर केला. तिची आई २०२१ मध्ये सोळा दिवस आत होती. “सर, आई वाचली,” ती म्हणाली, आणि पुढे काहीतरी सांगायचे होते ते तिने सांगितले नाही. तास संपल्यावर आम्ही तिला थांबवले आणि विचारले, “मग पुढे?”